ज्वारी-बाजरीच्या मुलखात रक्त कमी का? खाल्लेलं लोह शरीरात शिरतं कसं आणि अडतं कुठे

गिरणाकाठ (धागाकर्ता)

चाळीसगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. बायकांचे रिपोर्ट बघतो तर हिमोग्लोबिन आठ, नऊ, साडेनऊ. खाण्यात काय असतं विचारलं तर भाकरी, डाळ, पालेभाजी, वर गूळ-शेंगदाणे. उपाशी राहणाऱ्या या बायका नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. आपला खानदेश तर ज्वारी-बाजरीचा मुलूख, आणि या धान्यांत तांदळाच्या कितीतरी पट लोह. मग ते जातं कुठे?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण सगळे ताटातलं लोह मोजतो. त्यातलं रक्तात किती उतरलं हे कोणी बघत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच घडते.

आधी हिशेब. मोठ्या माणसाच्या शरीरात लोह एकूण तीन-चार ग्रॅम. त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. मग मुख्यतः प्लीहेतल्या पेशी तिला मोडतात, आतलं लोह काढतात आणि पुन्हा अस्थिमज्जेकडे पाठवतात. या फेरवापरातून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह मिळतं. अन्नातून येतं ते रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम, आणि आतड्याच्या, त्वचेच्या गळणाऱ्या पेशींबरोबर जातंही साधारण तेवढंच.

जास्तीचं मीठ किंवा पाणी मूत्रपिंड बाहेर टाकतं. लोहासाठी तशी सोय नाही. इंग्लंडमधल्या रॉबर्ट मॅकान्स आणि एल्सी विडोसन यांनी १९३७ मध्येच हे मांडलं होतं की शरीर लोहाचा तोल बाहेर टाकून सांभाळत नाही, आत घेतानाच सांभाळतं. मोकळं लोह पेशींना घातक असतं, यकृत आणि हृदय खराब करतं. म्हणून शरीर आत घेण्यातच इतकं काटेकोर आहे.

आता वाट. मटण, मासे, कलेजी यांत 'हीम' लोह असतं, त्यातलं साधारण १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. धान्य, डाळी, भाज्यांतलं बिगर-हीम लोह २ ते २० टक्के, आणि भाकरी-डाळीच्या जेवणात बहुतेकदा खालच्या टोकाला. हे सगळं घडतं जठराच्या लगेच पुढच्या वीतभर आतड्यात, ड्युओडेनममध्ये. धान्यातलं लोह बहुतांश फेरिक रूपात असतं, पेशी ते तसंच उचलत नाही, तिला फेरस रूप लागतं. जठरातल्या आम्लामुळे ते विरघळलेलं राहतं, आतड्याच्या पेशीच्या काठावरचं एन्झाइम त्याला फेरस करतं, आणि डीएमटी-१ नावाचं प्रथिन ते पेशीत ओढतं.

पण पेशीत आलं म्हणजे रक्तात आलं असं नाही. पेशीच्या दुसऱ्या बाजूला फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन असतं. पेशीतून लोह बाहेर सोडणारं हे एकच ज्ञात प्रथिन आहे. ते जागेवर असेल तर लोह ट्रान्सफेरिनला (रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन) चिकटून अस्थिमज्जेकडे निघतं. नसेल तर आतड्याच्या पेशीतच फेरिटिनमध्ये (लोह साठवणारं प्रथिन) साठून राहतं, आणि ती पेशी तीन ते पाच दिवसांत गळून शौचावाटे निघून जाते.

फेरोपोर्टिन किती ठेवायचं हे ठरवतं यकृत. तिथून हेपसिडिन नावाचं अवघ्या २५ अमिनो आम्लांचं संप्रेरक सुटतं. साठा भरला की हेपसिडिन वाढतं, फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं आणि पेशी ते फेरोपोर्टिन मोडून टाकते. साठा आटला की हेपसिडिन खाली येतं, वाट मोकळी. हे संप्रेरक सापडलं २०००-०१ च्या सुमारास आणि ते काम कसं करतं ते कळलं २००४ मध्ये. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेच्या पुस्तकात हे नव्हतंच.

आता बोला. घरातले अनुभव, प्रश्न, सगळं चालेल.

रावेरची_केळी

दादा, छान लिहिलं. आमच्याकडे सासूबाईंचं हिमोग्लोबिन साडेआठ. शेजारपाजारच्यांनी सांगितलं म्हणून रोज बीट, डाळिंब चालू आहे. केळी तर घरचीच, ती दोन वेळा. दोन महिने झाले, रिपोर्ट तिथल्या तिथे. लाल फळाने रक्त वाढतं हे खरं का? आणि त्यांना जेवण झालं की लगेच चहा लागतो, त्याने काही होतं का?

गिरणाकाठ

ताई, रंगाचा आणि लोहाचा काही संबंध नाही. बिटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा, त्यात लोह नसतं. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमपेक्षा कमी, डाळिंबात त्याहूनही कमी, केळ्यात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. ही फळं चांगलीच आहेत, खाऊ द्या, पण रक्तासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

चहाचं मात्र आजच बदला. चहातले पॉलिफेनॉल बिगर-हीम लोहाला धरून ठेवतात आणि ते डीएमटी-१ पर्यंत पोचतच नाही. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने शोषण निम्म्याहून खाली जाऊ शकतं. कॉफीचंही तेच. चहा सोडायला सांगू नका, सोडणार नाहीत. जेवणाआधी आणि नंतर तासभर अंतर ठेवलं तरी पुरे.

आणि साडेआठ हे फक्त खाण्याने भरून निघणारं नाही. डॉक्टरांना दाखवाच. या वयात पाळी नसते, मग रक्त कमी का झालं हे आधी शोधायला हवं.

पांझरा_फड

साक्री तालुक्यात शेती आहे. मला हे आमच्या फडावरून समजलं. पांझरेवर बंधारा, तिथून पाट, आणि कोणत्या फडाला किती पाणी सोडायचं ते पाटकरी बघतो. बंधारा काठोकाठ भरलेला असला तरी पाटकऱ्याने दार लावलं की शेत कोरडंच. म्हणजे हेपसिडिन हा पाटकरी. माझा प्रश्न असा की गरज असूनही दार बंद राहतं असं कधी होतं का?

फिजिशियन_धुळे

फडाचं उदाहरण नेमकं आहे आणि प्रश्न त्याहून नेमका. होतं, आणि ओपीडीत आम्ही ते रोज बघतो.

शरीरात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की इंटरल्यूकिन-६ सारखे संदेश यकृताला जातात आणि हेपसिडिन वाढतं, मग साठा रिकामा असला तरी. यामागे कारण आहे. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्गात शरीर रक्तातलं लोह लपवून ठेवतं. चार दिवसांच्या तापात हे शहाणपणाचं आहे. पण क्षयरोग, संधिवात, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर दार महिनोन्महिने बंद राहतं. आतड्यातून लोह येत नाही, आणि जुन्या लाल पेशींतून निघालेलंही प्लीहेत अडकून पडतं. अशा माणसाला कितीही पालक खाऊ घाला, उपयोग होत नाही. आधी मूळ आजार बरा करावा लागतो.

दुसरी गोष्ट गोळीची. जास्त मात्रेची लोहाची गोळी घेतली की हेपसिडिन वाढतं आणि साधारण २४ तास चढलेलं राहतं. मग दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांमध्ये हे मोजलं. एक दिवस सोडून घेतलेल्या गोळीतून शोषणाचं प्रमाण जास्त मिळालं. ज्यांना रोजच्या गोळीने पोटात मळमळतं, त्यांच्यासाठी हा चांगला मार्ग आहे. मात्र गरोदर बायकांनी सरकारी गोळी रोजचीच घ्यायची, मनाने दिवसाआड करायची नाही. गरोदरपणात एकूण सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागतं आणि वेळ मोजका असतो.

अमळनेरची_सून

स्वयंपाकघराकडून लिहिते. गृहविज्ञान शिकलेली आहे, तेव्हा आकडेही देते.

आमच्याकडे कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीबरोबर उडीद दळलेला. ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे ४ मिलिग्रॅम लोह, बाजरीत ६ च्या आसपास. दिवसाला तीन भाकरी धरल्या तर नऊ-दहा मिलिग्रॅम तिथेच झाले. डाळ-भाजीचे धरून बारा-तेरा. त्यातलं पाच टक्के रक्तात गेलं तर साधारण साठ-पासष्ट शतांश मिलिग्रॅम. आणि पाळी येणाऱ्या बाईला रोज दीड मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. एक मिलिलीटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे पाळीत ४० मिलिलीटर रक्त गेलं तर २० मिलिग्रॅम लोह गेलं. म्हणूनच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम सांगितलं आहे. आपल्या घरांत मात्र बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. हे मला फार खटकतं आणि ते इथे लिहायलाच हवं.

अडसर आहे फायटेटचा. धान्याच्या आणि डाळीच्या टरफलाजवळ हा पदार्थ असतो आणि तो लोहाला बांधून ठेवतो. तो कमी करायच्या रीती आपल्याकडे पूर्वीपासून आहेत: भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. उन्हाळ्यात बिबडे करतो तेव्हा ज्वारी भिजवून आंबवतोच ना? आंबील तीच. मटकी-मुगाला मोड आणून उसळ केली तर तीही फायद्याची.

आणि आंबट. क जीवनसत्त्व फायटेटला पुरून उरतं, बिगर-हीम लोहाचं शोषण दुप्पट-तिप्पट करू शकतं. पण ते त्याच जेवणात हवं, संध्याकाळी वेगळं खाल्लेलं संत्रं दुपारच्या भाकरीला कामाला येत नाही. आणि शिजवून ते बरंच नासतं, म्हणून लिंबू पानात पिळायचं, कढईत नाही. थंडीत पेरू असतो, एका पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट. भरताच्या जेवणाबरोबर कांद्याची पात, कच्ची कोथिंबीर असतेच, ती चमचाभर न खाता मूठभर खा.

जुनं_अंगण

हे सगळं ठीक. पण गोळ्या कशाला? आमच्या आजीने कधी गोळी घेतली नाही. लोखंडी कढई, गूळ-शेंगदाणे, अळिवाचे लाडू, बस. सरकारी गोळ्यांनी उष्णता होते, शौचाला काळं होतं, बायका फेकून देतात. शरीराला नको म्हणूनच ते बाहेर टाकतं ना?

गिरणाकाठ

काका, कढईचं अगदी बरोबर. लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजवला की लोह अन्नात उतरतं. कढई पुन्हा वापरात आणा असंच मी सगळ्यांना सांगतो. गुळात १०० ग्रॅमला चार-साडेचार मिलिग्रॅम, पण १०० ग्रॅम गूळ रोज कोण खातं?

गोळीचं मात्र आकड्यांत बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह. बाईच्या अंगात चार लिटर रक्त धरलं तर हिमोग्लोबिन ९ चं १२ करायला सुमारे ४०० मिलिग्रॅम लोह रक्तात उतरायला हवं. वर अमळनेरच्या ताईंनी जे ताट मोजलं, त्यातून रोजची झीजच भरून निघत नाही, शिल्लक कुठून पडणार? सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आहे. लोह कमी असलेल्या बाईत हेपसिडिन खाली असतं, म्हणून त्यातलं दहा टक्के जरी शोषलं तरी ६ मिलिग्रॅम झालं. भरलेला साठा टिकवायला जेवण, आणि रिकामा भरायला गोळी.

काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे. त्यात धोका नाही आणि ते नकाराचं लक्षणही नाही.

सातपुड्यातली_सिस्टर

अक्राणी तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम (सरकारी परिचारिका) आहे. गोळ्या फेकतात हे खरं आहे. पाड्यावर जाऊन पिशवी उघडली तर पाकिटं तशीच्या तशी मिळतात. रागावून काही होत नाही. मी आधीच सांगून ठेवते की काळं होईल, पहिले काही दिवस मळमळेल, रात्री जेवून तासाभराने घे म्हणजे झोपेत निघून जाईल. उपाशीपोटी शोषण जास्त हे मला माहीत आहे. पण उपाशीपोटी घेऊन आठवड्यात सोडून दिलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतर सहा महिने घेतलेली गोळी केव्हाही चांगली. आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नाही, दोन तासांचं तरी अंतर. दोन्ही एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं. बऱ्याच जणी दोन्ही एका घोटात घेतात, कारण कोणी सांगितलेलंच नसतं.

अॅनिमिया मुक्त भारत ही सरकारी मोहीम २०१८ पासून आहे. शाळेतल्या मुलींना आठवड्याला निळी गोळी, गरोदर आणि बाळंत बाईला लाल गोळी १८०-१८० दिवस, लहान बाळांना सिरप. सोबत जंताची गोळी. ती टाळू नका, आकडीकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि मग वरून घातलेलं सगळं खालून जातं. अनवाणी शेतात जाणाऱ्या पोरांना हे जास्त होतं.

पण मला ज्यासाठी लिहायचं होतं ते सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार. आमच्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल बरंच आहे. हिमोग्लोबिन सात दिसलं की कोणीही उठतं आणि लोहाचं इंजेक्शन देतं. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त कमी होतं कारण त्याच्या लाल पेशी १२० दिवस टिकत नाहीत, दहा-वीस दिवसांत मोडतात. मोडलेल्या पेशीतलं लोह अंगातच राहतं. त्यात वारंवार रक्त चढवलेलं असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर आणखी दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम आत, आणि बाहेर जायला वाट नाही. अशा पोराला तपासणी न करता लोह देत राहणं म्हणजे त्याच्या यकृतावर भार. राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, तपासणी मोफत आहे. आधी ती करा.

फिजिशियन_धुळे

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. दोन गोष्टी जोडतो म्हणजे उलटा गैरसमज होणार नाही. सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याला आजार नाही, फक्त एक जनुक आहे, त्याला इतरांसारखीच लोहाची कमतरता होऊ शकते आणि त्याने गोळी टाळू नये. आणि सिकलसेलच्या रुग्णातही, विशेषतः गरोदर बाईत, लोह खरंच कमी असू शकतं. म्हणून रक्तातलं फेरिटिन बघून ठरवायचं, त्यावरून लोहाचा साठा कळतो. फॉलिक आम्ल मात्र त्यांना लागतंच.

थॅलॅसिमिया हाही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार, त्यात तर शरीराचं नियंत्रणच फसतं. अस्थिमज्जा लाल पेशी बनवायला धडपडत असते, पण त्या नीट बनत नाहीत. या धडपडीत एरिथ्रोफेरोन नावाचं संप्रेरक सुटतं (२०१४ मध्ये सापडलं) आणि ते हेपसिडिन दाबून टाकतं. त्यामुळे अंगात लोह साचलेलं असतानाही आतडं आणखी लोह ओढत राहतं, रक्त चढवलेलं नसलं तरी. साक्रीच्या भाऊंनी विचारलं होतं दार नको तेव्हा बंद राहतं का. इथे ते नको तेव्हा उघडं राहतं.

भुसावळ_यार्ड

वय ४८, पुरुष. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ८. थकवा येतो. मटण-मासे खातो, चहा कमी. गुडघ्यासाठी दोन वर्षं वेदनाशामक गोळ्या चालू आहेत, ॲसिडिटीची गोळीही रोज. मी लोहाची गोळी सुरू करू का?

फिजिशियन_धुळे

भाऊ, गोळी लागेलच, पण आधी दुर्बिणीची तपासणी. फेरिटिन ८ म्हणजे साठा संपलेला आहे. पुरुषाला पाळी नाही, तुम्ही मांसाहारी आहात, म्हणजे रक्त कुठून तरी झिरपतंय असंच धरून चालायचं. वेदनाशामकांनी जठरात व्रण होऊन थोडं थोडं रक्त जात राहतं, शौचात डोळ्यांना दिसत नाही. मूळव्याध असू शकते. क्वचित आतड्याचा कर्करोग असतो आणि या वयात तो शोधल्याशिवाय सोडायचा नाही. फक्त गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन वाढवलं तर कारण झाकलं जातं.

ॲसिडिटीच्या गोळीने जठरातलं आम्ल कमी होतं, मग फेरिक लोह विरघळत नाही. ती कमी करता येईल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका, व्रण असेल तर ती हवीच. या आठवड्यात दाखवा.

जळगाव_सिंधी_कॉलनी

माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन १०.५, एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) ६२. तीन महिने गोळी घेतली, फरक नाही. आता डोस दुप्पट करायला सांगतायत.

गिरणाकाठ

थांबा. त्याच रिपोर्टमध्ये लाल पेशींची संख्या (दशलक्षांत) बघा. एमसीव्हीला त्या संख्येने भागा. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलॅसिमिया मायनरची (म्हणजे नुसता वाहक असण्याची) शंका घ्यायची, १३ च्या वर असेल तर लोहाची कमतरता जास्त संभवते. हा नुसता अंदाज आहे, निदान नाही. सिंधी, लोहाणा समाजात थॅलॅसिमियाचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे तुमच्याकडे ही तपासणी व्हायलाच हवी. फेरिटिन आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी), दोन्ही करून घ्या. त्यात एचबीए-२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला की बहुतेकदा मायनर. मग ती आजारी नाही, तिला आयुष्यभर गोळ्यांची गरज नाही, फक्त लग्नाआधी जोडीदाराचीही हीच तपासणी हवी.

एक लक्षात ठेवा, फेरिटिन सर्दी-तापात करू नका. सूज असली की फेरिटिन खोटं वाढतं आणि रिकामा साठा भरलेला दिसतो. ताप उतरून दोन-तीन आठवडे गेल्यावर करा.

जळगाव_सिंधी_कॉलनी

पेशींची संख्या ५.६ आहे. भागाकार ११ आला. डोस वाढवत नाही, सोमवारी एचपीएलसीसाठी नेतो. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.

रावेरची_केळी

भुसावळच्या भाऊंचं वाचून सासूबाईंनाही डॉक्टरांकडे नेलं. मूळव्याधीचं रक्त जात होतं, वर्षभर कोणाला सांगितलंच नव्हतं त्यांनी. उपचार आणि गोळी दोन्ही सुरू झालं. अमळनेरच्या ताई, बाजरीच्या पिठाला आंबवून भाकरी थापता येते का, की चिरते?

अमळनेरची_सून

पूर्ण आंबवलं तर चिरते. बाजरी रात्रभर भिजवा, पाणी काढून फडक्यात बांधून मोड येऊ द्या, सावलीत वाळवून दळा. त्या पिठाची भाकरी गरम पाण्यात मळून थापली तर येते, पण ताजं पीठ हवं, बाजरी लवकर खवट होते. आणि बियाणं घेत असाल तर 'धनशक्ती' वाण विचारा. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या पीक संशोधन संस्थेचं जास्त लोहाचं वाण आहे, २०१२ मध्ये महाराष्ट्रात आलं.